कॅशियरकाका, आधी आमची वही तपासलीत म्हणून

कॅशियरकाका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मागेच लिहायला हवं होतं. परळच्या आमच्या शाळेत आर्थिक साक्षरता शिकवायला तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा, खरं सांगते, स्टाफरूममध्ये सगळ्यांचे चेहरे पडले होते. आर्थिक साक्षरता म्हणजे आणखी एक उपक्रम, आणखी एक अहवाल, ग्रुपवर टाकायला चार फोटो. पण तुम्ही मुलांचं नावच काढलं नाहीत. म्हणालात, "बाई, आधी तुमची पगाराची स्लिप काढा."

हाती किती येतात याच्या पलीकडचे रकाने मी कधी वाचले नव्हते. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या आमच्यासारख्यांची पेन्शनसाठी होणारी कपात नेमकी कुठे गुंतते, हे आम्हा अकरा जणांत एकाच सरांना सांगता आलं. त्यात माझी ती विमा पॉलिसी! एका बँकेत 'एफडीसारखंच आहे मॅडम' म्हणून गळ्यात मारलेली. गणित शिकवणारी बाई, आणि सही करताना कागद वाचला नव्हता. तुम्ही हसला नाहीत. पानं उलटून मुदतीआधी मोडली तर किती हाती येतील ते दाखवलंत आणि चहा मागवलात.

त्यानंतर शिकवायला वेगळं काही शोधावंच लागलं नाही. सातवीत 'बँक व सरळव्याज' होतंच, दहावीच्या बीजगणितात 'अर्थनियोजन' होतंच. आम्हीच ते घाईत उरकत होतो.

तो सातवीचा तास तुम्हाला आठवतो का? फळ्यावर मी द.सा.द.शे. लिहिलं, दर साल दर शेकडा. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, आमच्या इथे शेकडा पाच घेतात. पण दर महिन्याला." मी गप्प. पुस्तकात साल होतं, त्याच्या वस्तीत महिना होता. तुम्ही खडू घेतलात आणि पाच गुणिले बारा त्यालाच करायला लावलंत. साठ. वर्गातल्या निम्म्या मुलांनी मान खाली घातली, त्यावरून काय ते कळलं. तेव्हा तुम्ही घालून दिलेला नियम आम्ही अजून पाळतो: वर्गात कुणाच्या घरचं नाव घ्यायचं नाही, आकडा घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मोबाईलच्या हप्त्याचं गणित आणलंत. १२,००० चं कर्ज, 'फक्त १० टक्के', महिना १,१०० चे बारा हप्ते. सहा हप्ते भरले की जवळपास निम्मं मुद्दल परत गेलेलं असतं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण बारा हजारांवर चालू. म्हणजे खरा दर जवळजवळ १८ टक्के. हे मीही त्या दिवशीच शिकले, मुलांच्या बरोबरीनं.

खात्यांचं प्रकरण तर तुमच्यामुळेच मार्गी लागलं. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेची २०१४ पासून मुभा आहे, मर्यादा बँकेनं ठरवायची. तरी एका शाखेनं आमच्या मुलींना तीनदा परत पाठवलं. चौथ्या वेळी तुम्ही परिपत्रकाची झेरॉक्स घेऊन सोबत आलात, उन्हात, गुडघा दुखत असताना. माझ्या लहानपणी शाळेत संचयिका, म्हणजे मुलांची बचत बँक होती, शनिवारी आठ आणे भरायचे. पासबुक हातात घेऊन त्या मुली ज्या ऐटीत बाहेर आल्या, तो तोरा मी ओळखला.

आता दोन बाईंनी एनसीएफईच्या (राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या) शिक्षक प्रशिक्षणासाठी नाव दिलंय, कुणी सक्ती न करता. आमच्या शाळेत ही बातमी आहे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलाला आईनं भिशीची वही लिहायला बसवलंय. अक्षर वाईट आहे, बेरीज बरोबर असते.

गुरुवारी नक्की या. मुलांना 'जामीन राहणं' म्हणजे काय ते विचारायचंय. मी सांगू शकते, पण तुम्ही एकदा मित्राला जामीन राहून तीन वर्षं त्याचे हप्ते भरलेत, ती गोष्ट त्यांना तुमच्याच तोंडून ऐकायचीय. (मीच फोडली, माफ करा.) चहाचे पैसे या वेळी मी देणार.

तुमची,
सातवीच्या गणिताच्या बाई