रंग बिघडला म्हणून मॉडेल टाकून देऊ नका

महोदय,

पाऊस लागला की प्लॅस्टिकच्या मॉडेल मोटारी जोडणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: चकचकीत काळा मारला आणि पाच-दहा मिनिटांत बॉडीवर दुधाळ साय आली. कॅन शिळा निघाला, असे समजून दुसरा आणला जातो आणि पुन्हा तेच होते. स्प्रेमधला लॅकर झपाट्याने सुकतो. त्यातले द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतला ओलावा बसतो आणि थरात अडकतो. आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर असेल तर रंगाला हात लावू नये. जुलैच्या मुंबईत ती बहुतेक वेळा 80 च्याही पुढे असते. साय घासून जात नाही. कोरडा दिवस पाहून त्याच कंपनीच्या पारदर्शक लॅकरचा एक हलका, ओलसर हात द्या. खालचा थर मऊ पडतो, ओलावा निघून जातो आणि साय फार दाट नसेल तर काळा पुन्हा काळा दिसतो.

ओघळ आला की बोट फिरवायचा मोह होतो. तिथेच काम बिघडते. जाड थर आतून ओला असतो, त्यामुळे निदान आठवडाभर थांबावे. बॉडीला नाक लावल्यावर रंगाचा वास येत असेल तर ती अजून वाळलेली नाही. ही कसोटी कॅनवरच्या सूचनेपेक्षा भरवशाची आहे. मग 1500 आणि 2000 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून, साबणाचा थेंब टाकून, फक्त ओघळावर चालवावा आणि शेवटी रबिंग कंपाउंड. 1:24 च्या (मूळ गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या) बॉडीवर रंगाचा थर कागदापेक्षाही पातळ असतो. बॉनेटच्या कडा, चाकांवरच्या कमानी आणि दारांच्या रेघा क्षणात उघड्या पडतात. घासण्याआधी त्यांवर मास्किंग टेप लावा.

संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा बहुधा लांबून मारल्याने येतो. अंतर 20 सेंमीच्या आसपास ठेवा. कॅन गार असेल तर काही मिनिटे कोमट पाण्यात धरा. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कधीही नाही.

सुरकुत्या पडून थर फाटला तर मात्र तो सगळा काढावाच लागतो. लॅकरवर एनॅमल (हळू सुकणारा तेलकट रंग) चालते, एनॅमलवर लॅकर चालत नाही. लॅकरमधले तिखट द्रावक खालचा थर फुगवते.

रंग काढताना सर्वाधिक नुकसान हार्डवेअरच्या दुकानातल्या एनसी थिनरने होते. थिनर असो, अॅसिटोन असो की अॅसिटोनवाले नेलपॉलिश रिमूव्हर, मॉडेलचे प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, सरळ विरघळते. त्याऐवजी 99 टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सर्किट पुसायला मिळते ते. 70 टक्क्यांच्या औषधी स्पिरिटने काम अर्धवट होते. काचा आणि क्रोमचे भाग आधी काढून ठेवा. झाकणाच्या डब्यात बॉडी रात्रभर बुडवून जुन्या टूथब्रशने घासली की बहुतेक अॅक्रिलिक आणि मॉडेलचे लॅकर सुटतात. एनॅमल हट्टी असते. त्यासाठी गॅरेजमधले डॉट 3 ब्रेक ऑइल वापरतात, पण ते विषारी असते, हातमोजे हवेतच. अल्कोहोल पेट घेते, म्हणून खिडकी उघडी आणि स्वयंपाकघर लांब.

लाल प्लॅस्टिकवर पांढरा मारून तो गुलाबी झाला तर वर आणखी पांढरा चढवून उपयोग नाही. लाल रंगद्रव्य त्याही थरातून वर येते. आधी चंदेरी रंगाचा एक थर द्या, मग पांढरा.

सोललेली बॉडी भांड्याच्या साबणाने धुऊन, पुढे आतल्या बाजूनेच धरावी. बोटांचा तेलकटपणा किंवा त्याच खोलीत वापरलेले डॅशबोर्डचे सिलिकॉन पॉलिश काम बिघडवायला पुरेसे असते. नवा रंग माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पाडत मागे सरकतो.

— एक मॉडेलप्रेमी वाचक, ठाणे