चारी इंडिकेटर लावून गाडी चालवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतलं ‘थंडीत गाडीची काळजी’ हे अर्धं पान वाचलं. बर्फासाठी वेगळे टायर, चाकांना साखळ्या, काचेवरचा बर्फ खरवडायची पट्टी, हे कुणासाठी छापलंत ते कळलं नाही. मनालीला जाणाऱ्यांसाठी असेल तर तसं वर लिहायला हवं होतं. सांगली-साताऱ्यात थंडीत गाडी चालवणाऱ्याला भीती असते ती धुक्याची आणि उसाच्या ट्रॉल्यांची. ट्रॉलीचा तर त्या अर्ध्या पानात उल्लेखही नाही.

तेही सोडून दिलं असतं. पण सातवा सल्ला वाचला आणि रात्री झोप लागली नाही. धुक्यात चारी इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवा, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून हे पुन्हा छापू नका.

माझ्या सासूबाईंचं मंगळवारी आणि शुक्रवारी कराडला डायलिसिस असतं. नंबर साडेसहाचा, म्हणून कुंडलहून आम्ही पाचला निघतो. धुक्यात प्रवास टाळा, हा तुमचा पहिला सल्ला आम्हाला पाळता येत नाही. धुकं आहे म्हणून डायलिसिस पुढे ढकलता येत नाही.

गेल्या जानेवारीत ताकारी ओलांडली आणि समोरचं दिसेनासं झालं. जवळच कुणीतरी उसाचं पाचट पेटवलेलं, त्यामुळे धूर आणि धुकं एक झालेलं. माझ्यापुढे एक गाडी चारी इंडिकेटर लावून सावकाश चालली होती. मी तिच्या मागे लागले. तीन-चार किलोमीटर ते दिवे बघत गेले आणि डोळ्यांना सवय झाली, की उघडमीट करणारे दिवे म्हणजे चालती गाडी. मग ती गाडी वळली. कुठल्या बाजूला वळली ते कळलंच नाही, कारण चारी दिवे लागलेले असताना वळायचा इंडिकेटर दिसणार कसा? थोडं पुढे गेल्यावर पुन्हा तसेच दिवे दिसले. मी तशीच चालवत राहिले. दिवे भराभर मोठे व्हायला लागले तेव्हा ध्यानात आलं, ही गाडी उभी आहे.

ब्रेक दाबला. सासूबाईंच्या मांडीवरचा डबा उडून डॅशबोर्डवर आदळला. थांबलो तेव्हा मध्ये वीतभर अंतर राहिलं होतं.

उतरून बघते तर त्या गाडीच्या पुढे पंक्चर झालेली उसाची डबल ट्रॉली. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. चाकाला दोन दगड लावलेले. ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोकं बरोबर गाडीच्या काचेच्या उंचीला होती आणि त्यांवरून दव टपकत होतं. ट्रॅक्टरवरचा वीस-बावीस वर्षांचा पोरगा पाचटाची शेकोटी करून बसला होता. “ताई, मागचा बल्ब कालच गेला बघा,” म्हणाला. त्या पुढच्या गाडीवाल्याने चारी दिवे लावले ते योग्यच केलं, कारण तो उभा होता. ती खूण थांबलेल्या गाडीची आहे. चालत्या गाड्यांनीही तीच खूण लावली तर थांबलेली गाडी ओळखायची कशी?

धुक्यात हेडलाइट लो बीमवर ठेवायचा आणि फॉग लॅम्प असेल तर तो लावायचा. अपर, म्हणजे हाय बीम, लावला की उजेड धुक्याच्या थेंबांवरून परत फिरून आपल्याच डोळ्यात येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. वेग तर निम्म्याहून कमी हवा. ताशी ६० ने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, आणि दिसतं जेमतेम २०-२५ मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच सगळं संपतं. आतून काच धूसर झाली तर फडक्याने पुसत बसू नये. थंडी असली तरी एसी लावून हवा काचेवर सोडावी, बाहेरची हवा आत घेण्याचं बटण चालू ठेवावं. एसी हवेतला ओलावा काढतो, काच मिनिटभरात साफ होते. वायपरचं रबर तर पावसाळ्याअखेर झिजून गेलेलं असतं. आमच्या भागात पाचटाची काजळी काचेवर बसते, तिच्यावर दव पडतं, आणि जुना वायपर फिरवला की सगळी काच काळी. हवाही सकाळी टायर थंड असतानाच तपासावी. दुपारी उन्हात बरोबर भरलेली हवा पहाटे तीन-चार पॉइंट कमी निघते.

फाट्यावर आलो की सासूबाई म्हणतात, “अगं, काच खाली कर आणि ती गाणी बंद कर, निदान ऐकू तरी येईल.” तुमच्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा मला हा जास्त उपयोगी पडलाय.

आणखी एक लिहिते. ट्रेलरच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावणं केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे सक्तीचं आहे. गाळप सुरू झालं की ट्रॉलीवर आदळून माणूस गेल्याच्या बातम्या येतात. तुम्ही त्या आतल्या पानावर चार ओळींत छापता. ट्रॉलीला रिफ्लेक्टर होता का, मागचा दिवा लागत होता का, एवढं तरी त्या चार ओळींत लिहायला सांगा तुमच्या वार्ताहरांना. रस्त्याचंही तसंच. आमच्या रस्त्यावर डांबर नवं झालं, पण कडेचा पांढरा पट्टा कित्येक ठिकाणी मारलेलाच नाही. धुक्यात डाव्या हाताचा तो पट्टा धरूनच गाडी चालवावी लागते. तो नसेल तर गाडी थेट रस्त्याकडेच्या चरात.

सातव्या सल्ल्याची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा आणि पुढच्या रविवारची वाट बघू नका. उद्या मंगळवार आहे. आम्ही पाचला निघणार आहोत, आणि आमच्या पुढे-मागे तुमचा पेपर वाचणारे असणार आहेत.

आपली,
एक वाचक
कुंडल, ता. पलूस, जि. सांगली