पदकांच्या कपाटापुढचं युद्ध

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

कित्तूरचं आणि बेळगावच्या आपल्या मराठा सेंटरमधलं (मराठा लाइट इन्फंट्री या पायदळ रेजिमेंटच्या केंद्रातलं) संग्रहालय बघायचं तुम्ही ठरवलंय, म्हणून लिहिते. कित्तूरला सोमवारी जाऊ नका, सरकारी संग्रहालयं बहुतेक त्या दिवशी बंद असतात. सेंटर लष्करी हद्दीत आहे. प्रवेशाची चौकशी आधीच करा, आधार कार्ड जवळ ठेवा. आई, कित्तूरच्या पडक्या वाड्यात उंचसखल जागा आहे, बूट घाल.

कुठेही जुनी तोफ दिसली की नुसतं तोंड बघून पुढे सरकू नका. मागच्या टोकाला वर बारीक भोक असतं, तो तोफेचा कान. तिथं रंजक, म्हणजे पेटवायची दारू, घालून बत्ती द्यायचे. कानात खिळा ठोकलेला असेल तर शत्रूला ती डागता येऊ नये म्हणून मुद्दाम निकामी केलेली समजा. प्रत्येक बार उडाल्यावर ओल्या बोळ्यानं नळी पुसावी लागे. आत ठिणगी राहिली तर नवी दारू ठासतानाच पेटायची आणि गज धरणाऱ्याचे हात जायचे. पाटीवर तोफेची लांबी, वजन असतं. तो माणूस नसतो.

बाबा, कन्नड पाट्या आईला वाचून दाखवा. 23 ऑक्टोबर 1824 ला कित्तूरवर चालून आलेला इंग्रज कलेक्टर थॅकरे पडला, हे सगळेच सांगतात. डिसेंबरात किल्ला गेला आणि कित्तूरच्या राणी चन्नम्मा 1829 मध्ये बैलहोंगलच्या कैदेत वारल्या, तेही तितक्याच सावकाश वाचा. देवळापाशी वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मारक-दगड) असला तर खालून वर बघा: तळाला लढाई, मधे अप्सरा वीराला नेताहेत, वर तो शिवलिंगापुढे, माथ्यावर चंद्र-सूर्य. आपल्या लोकांनी मरण लपवलेलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

सेंटरमध्ये व्हिक्टोरिया क्रॉसचे, म्हणजे ब्रिटिशांच्या शौर्याच्या सर्वोच्च पदकाचे, दोन मानकरी शोधा. यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीत मशीनगनचं ठाणं एकट्यानं घेऊन तिथंच पडले. नामदेव जाधवांनी 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर आधी दोन जखमी सोबत्यांना गोळीबारातून अलीकडे आणलं, मग ठाण्यांवर गेले.

पण खरा वेळ पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, द्या. तिथल्या कूट गावात तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौजेला घातलेल्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. ताजी भाजी नाही, म्हणून स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाअभावी होणारा आजार) झाला. घोड्याचं मांस खायला आपले शिपाई बरेच दिवस तयार नव्हते, त्यानं अशक्तपणा वाढला. सुमारे 13,000 जण शरण गेले आणि पुढं वाळवंटातल्या पायपिटीत, कैदेत हजारो मेले. भुकेला पदक नसतं, म्हणून असल्या युद्धाला काचेच्या कपाटात जागा कमी मिळते.

तिथं कूटच्या शिधा-रेशनबद्दल किंवा कैद्यांबद्दल एखादी ओळ दिसली तर बाबा, वहीत उतरवून घ्या आणि मला पाठवा. फोटोला परवानगी आहे का, ते आधी विचारा.

तुमची,
धाकटी