येळवशीचा स्वयंपाक बसवून देणाऱ्या अक्कांना

आदरणीय अक्का,
शि. सा. नमस्कार.

आभार मानायला घरी येणारच आहोत, पण हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितोय. लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्ष अमावस्या, म्हणजे रानात पूजा करून जेवायचा येळवशीचा सण, जवळ आली की घरोघरी एकच घोळ सुरू होतो. रानात पाहुणे बोलवायचे, पण करायचं काय काय आणि किती? तुम्ही जो हिशेब बसवून दिला तो आमच्या फडताळात पडून राहण्यापेक्षा आणखी दहा घरांच्या कामी यावा.

पहिले आभार यादीवर मारलेल्या फुलीबद्दल. पनीरची भाजी, गुलाबजाम आणि मसालेभात तुम्ही एका दमात काढायला लावलेत. तुमचं म्हणणं सरळ होतं: "येळवशीला माणूस चार रानं फिरायलंय, तुमच्याच रानात पोट भरून बसणार नाय. त्याला भज्जी पायजे, आंबील पायजे. बाकीचं त्याला घरी मिळतंय की." पुण्या-मुंबईहून पाहुणे यायचे म्हटलं की यजमानाला वाटतं, त्यांच्या ओळखीचं काहीतरी ठेवावं. खरं तर ते पाहुणे पनीर खायला एवढ्या लांब येत नाहीत. शिवाय तळलेलं आणि मलईचं रानात टिकत नाही. गार झालेलं पनीर चिवट होतं आणि पाकातले गुलाबजाम उघडे राहिले की माशा येतात.

तेव्हा राहिलं ते असं: भज्जी (दाणे-पालेभाज्यांची बेसन लावलेली पातळ भाजी), आंबील (ज्वारीच्या पिठाचं ताकातलं पेय), सजगुऱ्याचे म्हणजे बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या पोळ्या, ज्वारीच्या भाकरी, थोडे धपाटे, वांग्याचं भरीत, ठेचा. दीड किलो तांदळाचा भात फक्त लेकरांसाठी आणि दात नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी. यातलं जोखमीचं काम भज्जी आणि आंबिलीचं, आणि तुमचा सगळा जीवही तिथंच.

पन्नास माणसांच्या भज्जीचं तुमचं माप जसंच्या तसं लिहितो. सोललेले तुरीचे दाणे दीड किलो, वाटाणा एक किलो, हरभऱ्याचे सोले एक किलो, पावट्याचे दाणे पाऊण किलो, शेंगदाणे अर्धा किलो. मेथी, पालक, चाकवत, कांद्याची पात सगळं निवडून अडीच किलो. गाजर आणि वांगी अर्धा-अर्धा किलो, मूठभर बोरं. बेसन सहाशे ग्रॅम, चिंच दोनशे, हिरवी मिरची अडीचशे, लसूण अडीचशे ग्रॅम, तेल अर्धा लिटर. हे सोललेल्या, निवडलेल्या मालाचं वजन आहे. बाजारात जाताना इथंच फसगत होते, कारण शेंगा सोलल्या की वजनाच्या निम्मेसुद्धा दाणे हाती लागत नाहीत. दीड किलो तुरीचे दाणे हवेत तर साडेतीन-चार किलो शेंगा घ्याव्या लागतात. मेथीचंही तेच, देठं काढली की जुडी मुठीत मावते. ओल्या भुईमुगाचे दिवस तोवर सरलेले असतात, म्हणून कोरडे शेंगदाणे आदल्या रात्री भिजत घालायचे.

सगळे दाणे एकदम पातेल्यात टाकले की भज्जी बिघडते, कारण प्रत्येकाचा शिजायचा वेळ वेगळा. आधी शेंगदाणे, मग पंधरा मिनिटांनी तूर आणि पावटा, ते अर्धे शिजले की सोले आणि वाटाणा. तुरीचा दाणा दोन बोटांत सहज चिरडला की गाजर-वांगी, त्यानंतर पालेभाज्या आणि बोरं. चिंचेचा कोळ यानंतरच. आंबट आधी पडलं की दाणा तिथंच थांबतो. मग कितीही जाळ घाला, आतून कच्चाच राहतो. उन्हात जेवायला बसलेल्या माणसाच्या दाताखाली कडक पावटा आला की त्याला तेवढंच लक्षात राहतं.

बेसन गार पाण्यात कालवायचं, सहाशे ग्रॅमला दोन लिटर पाणी, हातानं गुठळ्या मोडून. उकळत्या भाजीत कोरडं बेसन भुरभुरलं तर वरून शिजतं आणि आत पिठाच्या गोळ्या राहतात. जाळ कमी करून एका हातानं धार धरायची, दुसऱ्यानं डाव फिरवत राहायचं. मग निदान पंधरा मिनिटं मंद आचेवर, नाहीतर कच्च्या पिठाचा वास जात नाही. लसूण-मिरचीची फोडणी शेवटी वरून, आणि मीठही तेव्हाच नीट चाखून.

आता तुमची सगळ्यात मोलाची सूचना. घरी डाव उचलल्यावर भज्जी जेवढी पातळ हवीशी वाटते, त्याहून जरा जास्त पातळच उतरवायची. बेसन गार होताना पाणी ओढतं. सकाळी नऊला बरोबर वाटलेली भज्जी बारा वाजता रानात पिठल्यासारखी घट्ट होते. तरी घट्ट झालीच तर ओतायला थर्मासमध्ये तीन लिटर गरम पाणी सोबत न्यायचं, कारण गार पाण्यानं चव पांगते. चुलीवर पुन्हा गरम करताना जाळ बारीक ठेवून तळापासून ढवळायचं; बेसन खाली बसतं आणि दोन मिनिटांत करपतं. करपलंच तर खरवडायचं नाही. वरची भज्जी दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायची आणि तळ तसाच सोडायचा.

आंबिलीला तुम्ही जास्त वेळ दिलात, आणि ते बरोबरच. माणूस रानातल्या कडब्याच्या कोपीत (खोपीत) पांडव म्हणून मांडलेल्या दगडांच्या पाया पडून बसला की त्याच्या हातात आधी आंबीलच जाते. पन्नास माणसांना तुमचं माप पंधरा लिटर: माणशी एक मोठा पेला, काहींना दोन, आणि नैवेद्याचं व चर शिंपायचं, म्हणजे रानात शिंपडायचं, वेगळं. ज्वारीचं पीठ नऊशे ग्रॅम. आदल्या संध्याकाळी ते दोन लिटर कोमट पाण्यात अर्धा लिटर आंबट ताक घालून कालवायचं. येळवस ऐन थंडीत येते, त्यामुळं ओट्यावर ठेवलेलं पीठ सकाळपर्यंत आंबतच नाही. ते चुलीशेजारी किंवा गोधडीत गुंडाळून ठेवायचं. सकाळी सात लिटर पाण्याला उकळी आणून हे कालवण बारीक धारेनं सोडायचं, पंधरा-वीस मिनिटं शिजवायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. त्यानंतर साडेपाच लिटर ताक घुसळून मिसळायचं. शिजवलेलं गरम असताना ताक घातलं की ते फुटतं, चोथा वर आणि पाणी खाली.

लसूण, आलं, मिरचीचं वाटण, जिरे, कोथिंबीर आणि मीठ हे सगळं डब्यात वेगळं न्यायचं आणि रानात गेल्यावरच मिसळायचं. ठेचलेला लसूण तीन-चार तास ताकात राहिला की उग्र होतो. यात आणखी एक सोय आहे. लेकरांसाठी बिनमिरचीची दोन लिटर आंबील आधीच बाजूला काढता येते.

भांड्याबद्दल तुम्ही जरा दटावूनच बोललात. आंबील मातीच्या बिंदगीत सगळ्यात चांगली, कारण मडकं पाझरतं आणि आतलं गार राहतं. स्टीलही चालेल. बिनकल्हईच्या पितळेत मात्र नाही, ती कळकते आणि पोटाला बाधते. घट्ट फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिकच्या कॅनमध्येही नको. ताक घातलेली आंबील वायू धरते, मोटारसायकलवर पाणंदीचे धक्के बसतात आणि झाकण उघडलं की अर्धी आंबील बाहेर. बिंदगी गळ्यापर्यंत भरायची नाही, चार बोटं मोकळी ठेवायची आणि तोंडावर ओलं फडकं बांधायचं.

उंड्यांसाठी दोन किलो सजगुऱ्याचं आणि एक किलो ज्वारीचं पीठ. सजगुऱ्याचं पीठ लवकर कडू होतं, म्हणून ते येळवशीच्या दोन-तीन दिवस आधीच दळायचं, महिन्याच्या दळणातलं वापरायचं नाही. कढत पाण्यात मीठ, जिरे आणि तीळ घालून मळायचं, लिंबाएवढे गोळे करून अंगठ्यानं मध्ये खळगा पाडायचा, चाळणीवर वीस-पंचवीस मिनिटं वाफवायचे. खळगा नसला तर मधला भाग कच्चा राहतो. किलोभर पिठाचे तीस-पस्तीस होतात, म्हणजे माणशी दोन. गार झाले की वरून चिरतात, त्यामुळं ओलसर फडक्यात गुंडाळूनच टोपल्यात भरायचे.

खिरीला दीड किलो खपली गहू, ओलवून, कांडून, कोंडा पाखडलेला आणि रात्रभर भिजवलेला. गूळही दीड किलो, पण गहू पूर्ण मऊ झाल्यावरच. गोड आधी पडलं की गहू पुढं शिजत नाही. दूध खिरीत ओतायचंच नाही, तीन लिटर वेगळं न्यायचं आणि वाढताना वरून घालायचं. गरम गुळात दूध नासतं हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या रानात नासतंच. वेगळ्या दुधाचा फायदा म्हणजे ज्यांना दूध चालत नाही त्यांनाही खीर मिळते. सुंठ, जायफळ, खोबरं हवं तेवढं.

पोळ्या आदल्या दिवशी करून ठेवाव्यात, टिकतात. सारणाला चिकीचा गूळ घेऊ नये, तव्यावर वितळून बाहेर येतो आणि जळतो. साधा गूळ किसून, कूट कोरडं. माणशी एकाहून जास्त लागत नाही. आलेल्या पाहुण्यांत शेंगदाणा न चालणारं कुणी आहे का, हे आमंत्रण देतानाच विचारायला तुम्ही सांगितलंत. आमच्याकडं हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण भज्जीतही शेंगदाणे, पोळीतही शेंगदाणे आणि ठेच्यातही. असं कुणी असेल तर त्याच्यासाठी भज्जीचं छोटं पातेलं पहिल्यापासून वेगळं लावावं लागतं, शिजल्यावर दाणे वेचून भागत नाही.

भाकरीचा हिशेब मात्र आम्हाला अजूनही थोडा जास्त वाटतो, अक्का. पन्नास माणसांना साठ भाकरी तुम्ही सांगितल्या. उंडे, पोळी आणि धपाटे असताना चाळीस पुरतात असं आमचं मत. तुम्ही म्हणाल, भाकरी उरलेली बरी, कमी पडलेली वाईट. तेही खरं. दुपारनंतर बैलं-गाईंच्या तोंडी लागतेच.

वाढण्याचा क्रम हीही तुमचीच शिकवण. अकरा ते चार पाहुणे घोळक्यांनी येतात, एक पंगत कधीच बसत नाही. म्हणून सगळी भज्जी एकदम रानात उघडायची नाही. दोन पातेली करायची आणि पहिलं संपेपर्यंत दुसरं झाकलेलं ठेवायचं. सतत उघडझाप आणि डाव बुडवणं झालं की पालेभाजीची भज्जी उन्हात दुपारी तीनच्या आत आंबट वास धरते. भज्जीला पत्रावळ नको, द्रोण हवा. पळसाचे द्रोण दोन एकात एक घातले की पाझरत नाहीत. प्यायच्या पाण्याचे वीस लिटरचे पाच जार, हात धुवायला विहिरीचं. आणि नैवेद्याचं ताट सगळ्यात आधी भरून बाजूला, म्हणजे पूजेला उशीर झाला तरी पहिले पाहुणे ताटकळत नाहीत.

हुरड्यावर विसंबू नका असंही तुम्ही सांगितलंत. ज्वारी त्या आठवड्यात दाण्यात दूध धरेल की नाही हे पेरणीवर ठरतं. त्यापेक्षा हरभऱ्याचे डहाळे, बोरं, पेरू आणि उसाची कांडी पुढं ठेवली की जेवण उतरेपर्यंत गप्पांना तेवढं पुरतं. लेकरांना तर जेवणापेक्षा डहाळेच प्यारे.

उरलेल्या भज्जीचं तुम्ही सांगितलं तसंच केलं: रात्री घरी आणून उकळी काढली, उथळ परातीत पसरून गार केली आणि मगच फ्रिजमध्ये. खोल पातेल्यात तशीच ठेवली असती तर मधला भाग रात्रभर कोमट राहून सकाळी खराब निघाला असता. दुसऱ्या दिवशी शिळ्या भाकरीत कुस्करून वर कच्चं तेल घेतलं. आमच्यातले निम्मे म्हणतात हीच भज्जी रानातल्यापेक्षा भारी.

तुमचं मोठं पातेलं आणि दोन्ही डाव घासून ठेवलेत. पातेल्याची कल्हई तळाशी उडालीय, ती करून घेऊनच आणून देतो. सोबत यंदाची खपली पाच किलो आहे, नको म्हणू नका. आणि वांग्याच्या भरिताचं तुमचं माप लिहून घ्यायचं राहिलंय, तेवढं आल्यावर सांगा.

आपली,
शेजारची सगळी मंडळी
लातूर