त्या छायाचित्रातला जॅक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मोठ्या एसयूव्हीचे मागचे एअर शॉक, म्हणजे हवेची पिशवी असलेले, गाडीचे हिसके शोषणारे शॉकअप, घरच्या घरी कसे बदलावेत यावर पानभर लेख आला होता. ‘चार बोल्ट, दोन तास’ असं त्याचं उपशीर्षक. बोल्ट चारच असतात, हे खरं. बाकीच्याबद्दल मला लिहायचं आहे, आणि सगळ्यात आधी त्या छायाचित्राबद्दल.

छायाचित्रात एक गृहस्थ गाडीखाली कमरेपर्यंत शिरले आहेत. मागचं चाक काढून बाजूला टाकलंय. गाडी उभी आहे ती डिकीत मिळणाऱ्या साध्या जॅकवर, पंक्चर काढायला देतात त्या. पुढच्या चाकाला उटी म्हणून विटेचा तुकडा. उचललेली गाडी टेकवून ठेवायचा स्टँड एकही नाही. मी ते चित्र भिंगाखाली धरून पाहिलं, कुठे आडोशाला स्टँड असेल म्हणून. नाही.

मी निवृत्त गणित शिक्षिका, वय 63. गाडी माझी, तीन रांगांची, रिकामी असतानाच अडीच टनांच्या आसपास. हे शॉक मी आणि माझ्या भाच्याने मिळून घरीच बदलले. तो खाली, मी बाहेर मॅन्युअल, टॉर्च आणि वही घेऊन. तेव्हा ‘घरी करू नका, मेकॅनिककडे जा’ असं सांगणाऱ्यांतली मी नाही. पण तो लेख वाचून एखादा मुलगा तसाच गाडीखाली सरकला तर काय, या विचाराने लिहायला बसले.

जॅक उचलायला असतो. उचललेलं धरून ठेवणं हे स्टँडचं काम. डिकीतला जॅक आडव्या धक्क्याला कोलमडतो आणि हायड्रॉलिक जॅकचं सील गेलं की तो न सांगता खाली बसतो. त्यात गंजून अडकलेला बोल्ट सोडवताना खालचा माणूस लांब पान्ह्याने गाडीला आडवे हिसकेच देत असतो. वजन धरणारा एकच जॅक, आणि त्यालाच धक्के! आम्ही सपाट काँक्रीटवर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी उट्या लावल्या, चेसिसखाली दोन्हीकडे स्टँड दिले आणि ट्रॉली जॅक ॲक्सलच्या नळीखाली ठेवला.

हा शेवटचा जॅक लेखातून पूर्ण गळला आहे. मागचा ॲक्सल अखंड असलेल्या गाडीत शॉकअप म्हणजे त्या ॲक्सलचा लगाम. चेसिस उचलली की ॲक्सल लोंबकळतो आणि त्याला खाली कुठवर जाऊ द्यायचं, ते शॉकअप ठरवतात. ते दोन्ही सोडले आणि खालून आधार नसला, की ॲक्सल आणखी खाली येतो. ब्रेकची रबरी नळी ताणली जाते, कॉइल स्प्रिंग बैठकीतून निसटू शकते. दाबाखालची स्प्रिंग निसटताना शेजारी कोणाचं डोकं असावं, असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट. लेखात ‘एअर शॉक’ आणि ‘एअर स्प्रिंग’ हे शब्द आलटून पालटून वापरले आहेत, जणू एकच वस्तू. माझ्या गाडीत मुख्य भार पोलादी कॉइल स्प्रिंगवर आहे. शॉकअपभोवती रबरी पिशवी असते, लोहाराच्या भात्यासारखी. मागे माणसं बसली की उंचीचा सेन्सर कॉम्प्रेसरला कळवतो आणि तो त्या पिशवीत हवा भरून गाडीचं बूड पुन्हा वर आणतो. हवा गेली तर गाडी बसते, पण स्प्रिंग तिला तोलून धरते. एअर स्प्रिंगवाल्या गाडीत मात्र पोलादी स्प्रिंग नसतेच, सगळा भार हवेवर. दोन्हींची खोलण्याची रीत वेगळी, धोकेही वेगळे. आपल्या गाडीत काय आहे हे वाचकाने आधी वाकून पाहावं, एवढं एक वाक्य लेखात हवं होतं.

आणि ‘एअर शॉकमुळे गाडीची वहनक्षमता वाढते’ हे तर साफ चूक. बूड वर आलं म्हणजे ॲक्सल, टायर किंवा ब्रेक काही बळकट होत नाहीत. दाराच्या चौकटीतल्या पट्टीवर छापलेला आकडा तोच राहतो. गाडी समतल राहते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत न जाता रस्त्यावर पडतात, पुढच्या चाकांवर वजन टिकून स्टिअरिंग हलकं पडत नाही. फायदा एवढाच आहे, आणि तो पुष्कळ आहे.

आता आमच्या गाडीचं काय झालं ते. सकाळी गाडी मागून बसलेली दिसायची आणि इंजिन सुरू केलं की घर्रर्र करत पुन्हा उठायची. भाचा म्हणाला, “मावशी, शॉक गेले, मागवून टाकू.” मी म्हटलं, आधी मोजू. चाकाच्या कमानीची कड जमिनीपासून किती उंच, हे चार दिवस रात्री आणि सकाळी टेपने मोजून वहीत लिहिलं. रात्री 91 सेंटिमीटर, सकाळी 85. डावीकडे तेवढंच, उजवीकडेही तेवढंच. भाच्याने लगेच निष्कर्ष काढला की दोन्ही फुटलेत. तसं नसतं. आमच्या गाडीत कॉम्प्रेसरपासून निघालेली एकच नळी पुढे फाटा फुटून दोन्हीकडे जाते. त्यामुळे गळती कुठेही असो, दोन्ही बाजू सारख्याच बसतात.

मग साबणाचं पाणी. गाडी उठलेली, हवा भरलेली असतानाच फवारायचं, बसल्यावर फवारून काही दिसत नाही. नळीचे सांधे कोरडे निघाले, उजवी पिशवी ठीक. डाव्या पिशवीची घडी जिथे खाली गुंडाळली जाते, तिथे मोहरीएवढे बुडबुडे उठायला लागले, फुटायचे आणि पुन्हा उठायचे. टॉर्च तिरका धरल्यावर रबरावर केसांसारख्या बारीक भेगा दिसल्या. नुसतं बघून त्या कधी सापडल्या नसत्या. वर्षानुवर्षं त्याच घडीत वळून वळून रबर तिथेच थकतं. उजवीकडचं रबरही त्याच वयाचं, म्हणून बदलले दोन्ही.

लेखातली ‘नळी ओढून काढा’ ही सूचना वाचून मी पेन्सिलीने समासात प्रश्नचिन्ह काढलं. आधी इग्निशन बंद करून कॉम्प्रेसरचा फ्यूज काढायला हवा. गाडी उचलली की सेन्सरची फसगत होते. बॉडी फार वर गेली असं समजून यंत्रणा हवा सोडते, किंवा आपण ॲक्सल खालीवर करताना अवेळी भरते. नळीतला दाब उतरू द्यायचा, मगच छोटी स्प्रिंग-क्लिप फिरवून नळी सरळ ओढायची. तिच्या टोकावर इवलीशी ओ-रिंग, हवा अडवणारी रबरी कडी, असते. ती नळीबरोबर आली का, हे मोजून बघायचं. आमची एक जुन्या शॉकमध्येच राहिली आणि आम्हाला पत्ता नाही. नवीन शॉक बसवून झाल्यावर त्याच सांध्यातून फुसफुस ऐकू आली आणि सगळा उजवा भाग पुन्हा उघडावा लागला. नळीचं टोक खराब झालं असेल तर ते धारदार पात्याने काटकोनात कापायचं. पकडीने चिरडलेलं टोक हवा धरत नाही.

चार बोल्टांपैकी तीन अर्ध्या तासात सुटले. चौथा, डावा खालचा, शॉकअपच्या टोकाच्या रबरी बुशाच्या आतल्या पोलादी नळीला गंजून चिकटला होता. डोकं फिरायचं, बोल्ट जागचा हलायचा नाही. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवला, सकाळी पुन्हा मारलं, हातोडीने बाजूला ठोके दिले. दुपारी तो टर्रकन सुटला तेव्हा भाच्याची कोपरं सोलली होती. म्हणजे आपल्या दोन तासांचे आमच्याकडे दीड दिवस झाले, आणि ते सगळे त्या एका बोल्टाने खाल्ले. अशा बोल्टासाठी लेखकाने ‘गॅस टॉर्चने तापवा’ असा सल्ला दिला आहे. शॉकअपच्या पोटात तेल असतं, बहुतेकांत दाबाखालचा वायूही असतो. भोवती रबरी पिशवी, नायलॉनची नळी, आणि पुष्कळ गाड्यांत पेट्रोलची टाकी तिथून हातभर अंतरावर. तापवा म्हणे!

बोल्ट आवळण्याबाबत मात्र चूक आमचीच झाली, ती कबूल करते. ॲक्सल लोंबकळत असतानाच आम्ही चारही बोल्ट पूर्ण आवळून टाकले. दुसऱ्या दिवशी प्रत्येक खड्ड्याला मागून कुरकुर. शॉकअपच्या टोकाला रबरी बुश असतो. लोंबत्या स्थितीत तो आवळला की गाडी चाकांवर आल्यावर कायम पीळ बसल्यासारखा राहतो, कुरकुरतो आणि लवकर फाटतो. म्हणून बोल्ट आधी हाताने बसवायचे आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावर टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्ह्याने, आवळायचे. आमच्या मॅन्युअलात 95 न्यूटन-मीटर दिले आहेत, दुसऱ्या गाडीचा आकडा दुसरा असेल. ‘घट्ट आवळा’ हा काही आकडा नव्हे. वजन चाकांवर आल्यावरच आवळा, हे वाक्य मॅन्युअलात पान उलटल्यावर होतं आणि मी ते उलटलं नव्हतं. प्रश्न शेवटपर्यंत वाचा, असं आयुष्यभर मुलांना सांगणारी मी! मोठ्या गाडीखाली चाकं जमिनीवर असतानाही सरकता येतं, म्हणून हे पुन्हा आवळणं जमलं. पण तेव्हाही फ्यूज काढलेला हवा. यंत्रणेने हवा सोडली तर गाडी आपोआप खाली येते, आणि आपण खाली असतो.

रिकाम्या पिशवीवर गाडी एकदम टेकवायची नाही. रबर आतल्या आत दुमडून चिमटतं आणि नवा शॉक पहिल्याच दिवशी फुकट जातो. आम्ही ॲक्सल जॅकने हळूहळू वर घेतला. गाडी बसली आहे असं सेन्सरला वाटू लागलं की फ्यूज लावून इग्निशन सुरू केलं. कॉम्प्रेसर चालू झाला, पिशव्या फुगल्या, मग चाकं लावून गाडी उतरवली. या वेळी खाली कोणी नव्हतं.

राहता राहिला कॉम्प्रेसर. लेखात त्याचा उल्लेखच नाही. गळती असताना तो महिनोन्‌महिने वेळीअवेळी चालत राहतो, आणि तो बनवलेला असतो थोडा वेळ चालून थांबण्यासाठी. हवेतलं बाष्प टिपणारे सिलिका जेलचे खडेही ओले होऊन भिजून जातात. आमचा कॉम्प्रेसर नवीन शॉक लावल्यावर तिसऱ्या आठवड्यात गेला. नुसता रिलेचा, म्हणजे त्याच्या विजेच्या स्विचचा, टिक् असा आवाज, पुढे काही नाही. शॉक मागवण्याआधी तो तपासला असता तर हे आम्हाला आधीच कळलं असतं.

तेव्हा भाचा वैतागून म्हणाला, “साधे शॉकअप टाकू मावशी, हवेची कटकटच नको.” ही कटकट जुनीच आहे. 1957 च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉहममध्ये चारही चाकांना हवेचं सस्पेन्शन होतं, आणि गळतीला कंटाळून पुष्कळ मालकांनी पुढे साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. तोही मार्ग चुकीचा नाही. फक्त बऱ्याच गाड्यांत मग डॅशबोर्डवर दिवा पेटून राहतो आणि सहा माणसं बसली की हेडलाइट आकाशाकडे बघतात. मी रात्रीची बरीच गाडी चालवते. आम्ही नवा कॉम्प्रेसर लावला.

माझी विनंती एवढीच की दुरुस्ती छापावी, आणि ती आतल्या पानाच्या तळाशी दोन ओळींत नको. मूळ छायाचित्र जेवढं होतं तेवढंच दुसरं छापावं, ज्यात चेसिसखाली दोन स्टँड आणि ॲक्सलखाली जॅक स्पष्ट दिसेल. लेख पुष्कळ जण अर्धाच वाचतात, चित्र मात्र सगळे बघतात.

आपली,
एक नियमित वाचक

ता. क. : वही अजून चालू आहे. काल रात्री 91, आज सकाळी 91. उजवीकडे अर्धा सेंटिमीटर कमी दिसतो, पण तिथे जमीनच थोडी उतरती आहे. ते मी पाणसळ लावून पाहिलं.