बेडकाचा फोटो छापण्यापूर्वी

महोदय,

पावसाळा लागला की चोर्ला घाट आणि म्हादई अभयारण्याच्या परिसरातले बेडूक-साप आपल्या पुरवणीत दिसू लागतात. ते दिसावेतच. पण फोटो कसा मिळवला हे विचारल्याशिवाय तो छापू नये, ही विनंती.

मलबार ग्लायडिंग फ्रॉग या झाडावर राहणाऱ्या बेडकाची मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर अंडी घालते. मागच्या पायांनी स्राव घुसळून ती फेस करते, अंडी त्यात राहतात आणि भोवतीची पाने चिकटून फेस झाकला जातो. काही दिवसांनी फेस विरघळतो नि पिल्ले थेट खालच्या पाण्यात पडतात. फोटोच्या सोयीसाठी फांदी ओढून बांधली, की पिल्ले पडतात चिखलात आणि तिथेच मरतात. पाने उलगडली तर फेस सुकतो, अंडीही सुकतात.

खरे तर हे फेसाचे घरटे आणि खालचे पाणी एकाच चौकटीत आले तरच वाचकाला सगळा प्रकार उमगतो. रुंद दृश्य टिपणारी १६ ते २४ मिमी लेन्स, कमी ताकदीवर फ्लॅश नि पुढे प्रकाश मऊ करणारा डिफ्यूझर, एवढ्यात ते जमते. चार फ्रेम झाल्या की बॅटरी विझवून मागे सरावे. प्रकाश चालूच राहिला तर नर ओरडायचे थांबतात, आणि मादी येते ती त्या आवाजावरच.

बेडूक उचलून ‘चांगल्या’ पानावर ठेवणे तर सर्रास चालते. हाताला चोपडलेले डासांचे मलम त्याच्या कातडीतून सरळ अंगात भिनते. बुटांच्या चिखलातून बेडकांना रोग करणारी कायट्रिड बुरशी एका व्हाळातून दुसऱ्यात जाऊ शकते. म्हणून चोर्ल्याहून आंबोलीला जाण्याआधी बूट घासून खडखडीत वाळवावेत.

मलबारी चापडा हा विषारी साप भक्ष्याची वाट पाहत एकाच फांदीवर कित्येक दिवस बसून राहतो. नेमकी जागा छापली की तिथे गर्दी होते आणि कोणीतरी काठीने त्याचे तोंड फिरवतोच. ‘सत्तरी तालुका’ एवढाच उल्लेख पुरे.

आपण प्रत्येक फोटोसोबत मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली, फेरफार न केलेली) आणि मागच्या-पुढच्या पाच फ्रेम मागवाव्यात. बेडूक तोच आणि पान मात्र दर फ्रेमला वेगळे, असे दिसले तर फोटो बाद करावा. पानाची छत्री धरलेला बेडूकही नको. तशी पोझ बहुधा दोऱ्याने बांधून घेतलेली असते.

– एक वन्यजीव छायाचित्रकार, वाळपई