दीड परस पाण्यावर मका?

संपादक महोदय,

उन्हाळा तोंडावर आला की आमच्या सांगोल्याकडं वैरणीच्या बियाण्याच्या पिशव्या वाटतात. यंदाही आल्या, सगळ्या मक्याच्या. कडवळाचं, म्हणजे वैरणीच्या ज्वारीचं, बी मागितलं तर वाटणारे हसले, "आता कडवळ कोण करतंय, ताई?" मी करते, म्हणून हे पत्र.

माझ्या दावणीला ४ म्हशी, आणि फेब्रुवारीत विहिरीला दीड परस, म्हणजे दीड माणूस खोल, पाणी. गेल्या उन्हाळ्यात २० गुंठे आफ्रिकन टॉल जातीचा वैरणीचा मका आणि बांधापलीकडं २० गुंठे कडवळ एकाच दिवशी पेरलं. मका तुऱ्यावर येतोय तोच मोटार जळाली. ९ दिवस पाणी नाही. सकाळी नऊलाच मक्याच्या पानांची सुरळी व्हायची. पाणी मिळाल्यावर पानं उलगडली, पण कणसात दाणा भरलाच नाही. कडवळानंही पानं मिटली होती, पण ते नुसतं थांबलं होतं. पाणी लागताच थांबलं तिथून पुढं वाढायला लागलं. त्याची मुळं खोल जातात, शिवाय ताटावर मेणासारखी पांढरी भुकटी असते, बोटाला लागते.

२० गुंठ्यांवर २ इंच पाणी फिरवायचं तर १ लाख लिटर लागतं, म्हणजे १० हजार लिटरचे १० टँकर. तेही रात्रीच्या लाइटीवर दारं धरून. डोळा लागला की पाणी शेजाऱ्याच्या रानात. मक्याची तुऱ्यातली एक पाळी चुकली की आधीच्या पाळ्यांचं पाणीही पदरात पडत नाही.

मक्याशी माझं वैर नाही. कॅनॉलचं किंवा शेततळ्याचं खात्रीचं पाणी असेल त्यानं मकाच करावा, मुरघासाला, म्हणजे हवाबंद मुरवून ठेवायच्या वैरणीला, त्याच्यासारखं काही नाही. पण विहीर कधी तळ दाखवील याचा नेम नाही, त्याला निदान अर्ध्या रानापुरतं कडवळाचं बी द्या.

आणि देताना त्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत छापा: निसवण्याआधी, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी, कापू नका, ताण बसलेलं कोवळं पीक किंवा कापणीनंतरचे फुटवे जनावरापुढं टाकू नका, किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. आमच्या वस्तीवर एक कालवड तशीच गेली. सकाळी बांधावरचे कडवळाचे कोवळे धांडे खाल्ले, डॉक्टर येईपर्यंत पाय झाडत होती. जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. मक्यावर वाढलेल्या पोरांना कोण सांगणार?

— एक पशुपालक, ता. सांगोला, जि. सोलापूर